माझं गोत्र आणि भावाचं आतडं

मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमोच्या आठही फेऱ्या झाल्या आणि त्यानंतरच्या दोन तपासण्यांत काही सापडलेलं नाही. याला डॉक्टर ‘तुम्ही बऱ्या झालात’ म्हणत नाहीत, ‘सध्या काही नाही’ म्हणतात. मीही तेवढंच म्हणते.

पण लिहायला बसले ती त्या आजारासाठी नाही. त्या आजारात माझं जेवढं डोकं फिरलं नाही, तेवढं नंतर भावाला एक तपासणी करायला लावताना फिरलं. आमचा आजार रक्तातला आहे, वडिलांकडून आलेला. भावाला तो दोष असण्याची शक्यता निम्मी. वेळेत आतून पाहिलं तर कॅन्सर होण्याआधीच त्याचं मूळ काढून टाकता येतं. ही तीन वाक्यं एका शहाण्यासुरत्या माणसाच्या गळी उतरवायला मला सात महिने लागले. तुमच्या घरात अशी वेळ आली तर तुम्हाला कमी लागावेत.

बायकांचं असतंच

मी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघते. मण्याची जाडी, साखर, देठाचा रंग. पट्टीवर मोजल्याशिवाय कुठलाही घड मोठा म्हणत नाही. तरीही माझं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं तेव्हा सगळे जे म्हणाले ते मी मुकाट्याने मान्य केलं. पाळी जायचं वय आहे, बायकांचं असतंच. लोहाच्या गोळ्या घ्या, बीट खा, खजूर खा. आठ महिने मी खजूर खाल्ला. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना आधी एकदा थांबायचे, मग दोनदा थांबायला लागले.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हे रक्त जातंय कुठे?” इतका साधा प्रश्न. पेटीचं वजन रोज कमी भरत असेल तर मी पहिल्यांदा हेच विचारते. स्वतःच्या बाबतीत विचारलं नव्हतं, आणि ज्या तिघांनी आधी गोळ्या लिहून दिल्या त्यांनीही नव्हतं.

आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. उजवीकडे गाठ सापडली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट घेऊन आम्ही निघालो तेव्हा द्वारका चौकात नेहमीसारखी कोंडी होती. माझे पती अनिल गाडी चालवत होते. रिपोर्ट माझ्या मांडीवर होता, दोघांनीही वाचलेला होता. कोंडी सुटेपर्यंत अनिल एकच विषय बोलत राहिले, की हा पूल असा बांधायला नको होता. मी ‘हो’ म्हणत राहिले. पुलाबद्दल आमचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

सर्जननी दुसऱ्या दिवशी कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.

“माहेरी कुणाला कॅन्सर?”

“वडील गेले. पोटात गाठ होती. एकावन्न वर्षांचे होते.”

त्यांनी एक चौकोन काळा केला. “त्यांची भावंडं?”

“एक बहीण. माझी आत्या. तिला गर्भाशयाचा झाला होता. ती शेचाळिसाव्या वर्षी गेली.”

गोल काळा झाला. माझाही गोल काळा झाला. माझ्या शेजारी एक रिकामा चौकोन उरला.

“हा कोण?”

“दत्तू. माझा धाकटा भाऊ. तो ठणठणीत आहे.”

“हं,” डॉक्टर म्हणाले, आणि पेन त्या चौकोनावर दोनदा टेकवलं. काळा केला नाही.

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल फार सांगत नाही; आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर एकाच दोषातून येऊ शकतो म्हणून त्याच वेळी गर्भाशयही काढलं. एक सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. आतडं कापून जोडल्यावर पुढचे काही दिवस जगात एकच प्रश्न उरतो, गॅस पास झाला का. सकाळी सर्जन विचारतात, मग सिस्टर, मग जेवणाची गाडी ढकलणाऱ्या मावशी, मग भेटायला आलेले दीर. मी आयुष्यभर चारचौघांत नीट वागलेली बाई. चौथ्या दिवशी दुपारी ते झालं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींनी टाळी वाजवली आणि पडद्यापलीकडे ओरडून सांगितलं, “झालं गं बाई, हिचं झालं!” मला हसताना टाके दुखले. त्या पूर्ण आठवड्यात मला मनापासून आनंद देणारी ती एकच बातमी होती.

सासूबाईंनी उशाखाली अंगारा ठेवला होता. सिस्टर चादर बदलताना पुडी उचलायच्या आणि परत तिथेच ठेवायच्या. कुणी काही बोललं नाही. मला ते बरं वाटलं. मी देवाला मानते, वणीच्या देवीला जरा जास्तच. आजारपणात मात्र नवस बोलले नाही. ‘मला बरं कर, मग मी हे देईन’ असं आईशी कोण बोलतं?

त्यानंतर केमो सुरू झाली. माझ्या औषधाने गार वस्तू सहन होत नसत. फ्रिजचं दार उघडलं की बोटांना झटके बसायचे, गार पाणी घशात काचेसारखं टोचायचं. नाशिकच्या थंडीत हातमोजे घालून मी भाजी निवडली. याच काळात प्रत्येक जण आजाराचं कारण सांगून गेला. मैदा, मोबाइल, दुपारची झोप, रात्रीचं दही. आमच्या घरात मांस-मच्छी नाही, दारूचा थेंब नाही, त्यामुळे लोक जरा अडचणीत यायचे. “मग तुला कसा झाला?” असं विचारायचे. जणू माझा हिशोब नीट असताना मी उगाच दंड भरला.

काश्यप

सासूबाईंचं कारण तयार होतं. पितृदोष. एवढ्या सज्जन घरात हे दुखणं आलं म्हणजे पूर्वजांपैकी कुणाचा तरी आत्मा अडकलाय. त्र्यंबकेश्वर आमच्यापासून तासाभरावर आहे. बाहेरच्या राज्यांतून लोक तिथे नारायण नागबळी करायला येतात, आणि आपण नाशिकचे असून केला नाही, याची सासूबाईंना आणखीच टोचणी. तीन दिवसांचा विधी. नव्या पांढऱ्या कपड्यांत बसायचं, कणकेच्या देहावर अंत्यसंस्कार करायचे, सुतक पाळायचं. आजार माझा होता, पण बाईला एकटीने तो विधी करता येत नाही. पुरुषाला येतो.

गुरुजींशी फोनवर बोलणं स्पीकरवर चाललं होतं.

“गोत्र?”

अनिलनी आईकडे पाहिलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

“तसं नक्की माहीत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“हरकत नाही. काश्यप धरू.”

मला एकदम आठवलं, माझ्या लग्नात भटजींनी दादांना, म्हणजे वडिलांना, हेच विचारलं होतं. दादांनी टोपी मागे सरकवून म्हटलं होतं, “आम्ही शेतकरी माणसं. तुम्हीच सांगा.” तेव्हाही काश्यपच ठरलं होतं.

अनिल त्र्यंबकला जाऊन आले. मी केमोच्या फेरीत होते, घरीच राहिले. आल्यावर ते शांत दिसत होते. कित्येक आठवड्यांनी नीट जेवले. कणकेच्या त्या देहाला अग्नी देताना रडू आलं, म्हणाले. म्हणून सांगते, माझा राग पूजेवर नाही. ज्याला माझ्यासमोर रडता येत नव्हतं त्याला तिथे रडायला जागा मिळाली. माझा राग सासूबाईंच्या त्या दिवशीच्या वाक्यावर आहे. साखर वाटताना त्या म्हणाल्या, “चला, आता झालं सगळं.”

झालं नव्हतं. पुढच्याच महिन्यात माझ्या रक्ताच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट आला. दोष वडिलांकडून आलेला. प्रत्येक भावंडाला आणि माझ्या मुलीला तो असण्याची शक्यता निम्मी. मुलगी पुण्यात शिकते. तिने फोनवर शांतपणे ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतः रक्त देऊन आली. तिच्यात दोष नाही. त्या दिवशी मी हातमोजे काढून तिला मेसेज केला, बोटं झिणझिणली तरी.

राहिला दत्तू. मी डॉक्टरांना म्हटलं, “तुम्हीच त्याला फोन करा ना. तुमचं ऐकेल.”

“मी नाही करू शकत. पेशंट तुम्ही आहात, ते नाहीत. तुमची माहिती मी दुसऱ्याला देऊ शकत नाही.”

“मी परवानगी देते ना.”

“तरी आधी तुम्ही सांगा. ते आले तर मी आहेच.”

“म्हणजे त्याच्या पोटात काही असू शकतं हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही गप्प बसणार?”

“हो.”

“याला नीती म्हणायचं?”

“याला नियम म्हणतात, ताई,” ते म्हणाले आणि माझ्या हातात एक छापील पत्रक दिलं. पत्रक इंग्रजीत होतं.

दत्तूचं गणित

दत्तूची मखमलाबादकडे शेती आहे. गुलाब, झेंडू, थोडा भाजीपाला. सकाळी फुलबाजारातून आला की अंगणात पाय पसरून चहा घेतो. मी त्याच वेळी गेले. त्याची बायको संगीता गुलाबाच्या जुड्या कागदात गुंडाळत होती. मी रिपोर्ट समोर ठेवला आणि निम्म्या शक्यतेबद्दल सांगितलं.

दत्तूने विचार केला. “निम्मी म्हणजे दोघांत एक ना?”

“हो.”

“आपण किती?”

“दोघं.”

“मग तुझा नंबर लागला. मी सुटलो.”

मी कपाळाला हात लावला. “अरे, तसं नसतं. प्रत्येकाचं वेगळं नाणं उडतं. माझं काय पडलं त्याचा तुझ्या नाण्याशी संबंध नाही. एका पेटीत सडका घड निघाला म्हणून शेजारची पेटी चांगली ठरते का?”

“तू पेट्यांचं बोलतीस, मी माणसांचं बोलतो.”

“मीही माणसांचंच बोलतेय. तुझ्या पोटाचं.”

“ताई, एक सांगू का? रागावू नको.” हे तो रागवावं असं काही बोलायचं असलं की म्हणतो. “तू दिलेली लेक. कन्यादान झालं तेव्हाच तुझं कुळ, गोत्र बदललं. दादा गेले तेव्हा तू सुतक पण तीनच दिवस पाळलं. आता तुला जे झालं ते तिकडल्या पितरांचं. दाजींनी नागबळी केला, बरोबर केलं. आमचा काय संबंध?”

“दत्तू, अनिलच्या घराचं गोत्र काश्यप लावलं.”

“मग?”

“आपलं काय?”

“काश्यप.”

“मग बदललं काय माझं?”

“त्यांचं काश्यप निराळं हाय,” दत्तू म्हणाला. संगीताने मान खाली घातली. ती हसत होती की काय मला दिसलं नाही.

मी शेवटचा प्रयत्न त्याच्याच धंद्यातून केला. हा माणूस स्वतः जंगली खुंटावर गुलाबाचा डोळा भरून कलम करतो. म्हटलं, “तू लाल गुलाबाचा डोळा दुसऱ्याच्या खुंटावर भरतोस. त्याला फूल कुठलं येतं? खुंटाचं की डोळ्याचं?”

“डोळ्याचं.”

“मग मी दुसऱ्या खुंटावर गेले म्हणून माझं रक्त बदललं का?”

मला वाटलं, जिंकले. दत्तूने कप खाली ठेवला.

“ताई, गुलाबाचं बरं असतं. त्याला लग्नाच्या बैठकीत कुणी विचारत नाय, तुझ्या बापाला काय हाय म्हणून.”

तेव्हा कुठे मला कळलं की आपण इतका वेळ भलत्याच गोष्टीवर भांडत होतो.

शपथ

त्याची मुलगी वैष्णवी एकवीस वर्षांची. देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या घरी तिचं ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, लग्न उन्हाळ्यात.

“मी रक्त दिलं आणि त्यात निघालं तर?” दत्तू म्हणाला. “ते कागदावर येणार. कागद कुणीतरी बघणार. मग देवळ्याचे पाहुणे म्हणतील, पोरीच्या रक्तात पण असंल. लग्न मोडलं तर दुसरं स्थळ यायचं नाय. लोक पत्रिका बघत्यात तेच बरं हाय. तिच्यात आतडं नसतं.”

“तुझ्यात दोष निघाला नाही तर वैष्णवीचा प्रश्नच संपतो. तुझ्याकडे नसेल तर तिच्याकडे येणारच नाही. एका टोचणीत दोघं मोकळे.”

“आणि निघाला तर?”

“तर तू जगशील. दादा जगले नाहीत.”

तो उठला. “तुला वणीच्या देवीची शपथ हाय. वैष्णवीला नाय तर देवळ्याला यातलं एक अक्षर सांगशील तर.”

आमच्याकडे शपथ अशीच घालतात. ज्याच्यावर घालायची त्याला विचारत नाहीत. एकाने म्हटलं की दुसरा बांधला गेला. घालणाऱ्यानेच सोडवली तर सुटते. मी मणी मिलिमीटरमध्ये मोजणारी बाई, पण त्या शपथेने माझे पाय जखडल्यासारखे झाले. मला हसायचं तर हसा. सगळं आयुष्य जिच्या नावाने हात जोडले, तिच्या नावाचा शब्द पायाखाली तुडवणं मला सोपं नव्हतं. आणि दत्तूला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याने दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही.

थंडी संपली. माझी शेवटची फेरी झाली. दर आठवड्याला मी दत्तूला फोन करायचे.

“केलीस का?”

“झेंडूचं चाललंय.”

“केलीस का?”

“लग्न होऊ दे.”

“लग्नाआधी काय अडतंय?”

“ताई, तू लय डोकं खातीस.”

अनिल म्हणाले, “सोड आता. तुझी जबाबदारी सांगायची होती, सांगितलीस.” डॉक्टरही साधारण हेच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्याकडूनही एक नागबळी करून घे म्हणावं.” नियमाने मी सुटले होते, धर्माने बांधलेली होते आणि विज्ञानाने निम्मी शक्यता सांगून हात झटकले होते. तिन्हींचं ज्या एका गोष्टीवर एकमत होतं ती म्हणजे मी गप्प बसावं.

मग एक दिवस पॅकहाउसमध्ये पट्टीवर घड धरला असताना लक्षात आलं की दत्तूचं चव्वेचाळिसावं संपत आलंय. मला सापडलं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेही आधी आठ महिने खजुरात घालवून. आत्या शेचाळीस. मी घड खाली ठेवला, अर्धी रजा टाकली आणि मखमलाबादला गेले.

मोडली

तिघंही शेडमध्ये होते. वैष्णवी जुड्यांना रबर लावत होती. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता आणि विषय गेला असता.

“दत्तू, शपथ सोडव.”

“कसली?” तो वैष्णवीकडे बघत म्हणाला.

“सोडवत नसशील तर मी मोडते. देवीचा कोप व्हायचा असेल तर माझ्यावर होऊ दे. माझं फूटभर आतडं गेलं, गर्भाशय गेलं, केस निम्मे गेले. आता ती आणखी काय नेणार आहे ते नेऊ दे.” आणि मी वळून म्हटलं, “वैष्णवी, माझा आजार तुझ्या आजोबांकडून आलाय. तुझ्या पप्पांमध्ये तो असू शकतो. आणि त्यांच्यात असला तर तुझ्यात.”

वैष्णवीने हातातल्या जुडीला रबर पूर्ण लावलं, मग म्हणाली, “आत्या, मला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

तिने आईकडे पाहिलं. संगीता म्हणाली, “मी सांगितलं, ताई. तुम्ही आला होता त्याच दिवशी. आणि तिला माझी शपथ घातली, पप्पांना सांगू नको म्हणून.”

“आणि मला यांनी घातली होती,” संगीता दत्तूकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, “पोरीला सांगू नको म्हणून. माझी पण मोडलीच.”

म्हणजे सात महिने या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शपथेत तोंड बांधून गुलाब मोजत होता. मी तिथल्याच क्रेटवर बसले. मला हसावं की कुणाला तरी बदडावं हे कळेना.

“देवळ्याला?” दत्तूचा आवाज फुटला.

“त्यालाही सांगितलं,” वैष्णवी होणाऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाली.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, आमच्याकडे आजोबांपासून सगळ्यांना शुगर आहे. ती आम्ही पत्रिकेत लिहिली होती का? म्हणाला, पप्पांची तपासणी आधी होऊ दे, नंतर तू कर, मी बरोबर येतो.” तिने पुढची जुडी उचलली. “आईवडिलांना कसं सांगायचं ते तो बघतोय. ते काय म्हणतील माहीत नाही. पण पप्पा, तुमचं माझ्या लग्नासाठी अडलं होतं ना? आता नाही अडलं.”

दत्तू कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. आता त्याच्याकडे गणित नव्हतं, गोत्र नव्हतं, पाहुणे नव्हते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “दादांचं शेवटचं तू पाहिलं नाय, ताई. तू सासरी होतीस. मी अठरा वर्षांचा होतो. भांडं धरायला मी होतो, पुसायला मी होतो. त्यांना पाणी गिळायचं नाय. मला म्हणायचे, दत्तू, दार लाव, आवाज बाहेर जातोय.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मला ते कागदावर बघायचं नाय. नाय माहीत तवर नाय ना?”

एवढी सात-आठ वाक्यं. ती त्याने पहिल्या दिवशी सांगितली असती तर मी गुलाबाच्या डोळ्याचा विषय काढला नसता. मी त्याच्याशी शक्यतेवर भांडत होते, तो माझ्याशी पितरांवर भांडत होता, आणि दादा त्या बंद दारामागेच राहिले होते.

मी म्हटलं, “दादांना कुणी आधी आतून पाहिलं असतं तर दार लावायची वेळ आली नसती.”

“दुखतं का ते?” त्याने विचारलं.

“तपासणी नाही दुखत. आदल्या दिवशीचं औषध भयंकर असतं. दिवसभर संडासात बसशील.”

“एकादशी समजा,” संगीता म्हणाली.

“एकादशीला साबुदाणा असतो,” दत्तू म्हणाला. त्यावर तिघी हसलो आणि तो आमच्यावर चिडला. तिथे मला समजलं की तो येणार.

रिकामा चौकोन

रक्तात निघालं. दुर्बिणीच्या तपासणीत त्याच्या आतड्यात तीन मोड, म्हणजे पॉलिप, सापडले. दोन बारीक होते, एक सव्वा सेंटिमीटरचा. तिन्ही तिथल्या तिथे काढले. मोठ्याचा रिपोर्ट आला, अजून कॅन्सर झाला नव्हता, पण त्या वाटेला लागला होता. किती दिवसांत झाला असता, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसा आकडा देता येत नाही. मला आकडा न मिळण्याचा पहिल्यांदाच त्रास झाला नाही. आता दर वर्षी तपासायचं. वैष्णवीने अजून रक्त दिलेलं नाही. लग्नाची तारीख पुढे गेली आहे. देवळ्याच्या मंडळींनी मोडलं नाही आणि होकारही पुन्हा दिला नाही. हे सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. दत्तूने माझे आभार मानलेले नाहीत. शपथ मोडल्याचं मात्र दोनदा ऐकवलं आहे.

सर्जनच्या त्या कागदावर एक गोष्ट अजून राहिली होती. आत्याच्या काळ्या गोलाखाली एक चौकोन. तिचा मुलगा, सिन्नरला असतो, आमच्यापेक्षा मोठा, पन्नाशीचा. त्यालाही हे सांगणं भाग होतं. दत्तूचा रिपोर्ट घेतल्यावर मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फोन काढला, तेवढ्यात दत्तू म्हणाला, “आण, मी बोलतो. तुझं बोलणं लय फिरून असतं.”

त्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. स्वतःचं सांगितलं, तीन मोड, सव्वा सेंटिमीटर, सगळं. नीट सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. पलीकडे आत्याचा मुलगा ‘अरे बाप रे’ करत होता. मग दत्तू म्हणाला, “तर भाऊ, आता तुमची बी तपासणी करून घ्या.”

“माझी कशाला?”

“तुमची आई आमची आत्या ना.”

“दत्तू, अरे, आई तुमची खरी. पण आम्ही कुठल्या कुळाचे, तुम्ही कुठल्या. तुमच्याकडलं आमच्याकडे कसं येईल?”

दत्तूने फोन कानापासून लांब धरला आणि त्याकडे असं पाहिलं, जणू फोनमधूनच वास येतोय. “भाऊ, कुळाचं राहू द्या! आतड्याला कुळ कळत नाय!” तो ओरडला. व्हरांड्यातल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. पलीकडून “बघतो, द्राक्षांचं उरकू दे” असं काहीतरी आलं आणि फोन बंद झाला.

“काय माणसं असतात गं ताई,” दत्तू म्हणाला. “साधी गोष्ट. साधी गोष्ट कळत नाय त्यांना.”

“परत लाव,” मी म्हटलं.